सगळ्यात लहान आकडा

पूर्वी रिपोर्ट पाकिटातून यायचा आणि ते पाकीट डॉक्टरांच्या टेबलावरच उघडायचं. आता रिपोर्टचा पीडीएफ फोनवर जातो आणि पेशंट लोकलमध्ये उभ्या उभ्या तो वाचून मोकळा होतो. मग आम्हाला फोन येतो. मी मुलुंडच्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. लघवीच्या कल्चरचे रिपोर्ट माझ्या सहीने बाहेर पडतात, त्यामुळे रिसेप्शनवरची मुलगी असे फोन माझ्याकडे ढकलते. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "मॅडम, मेरोपेनेमपुढे पॉइंट पंचवीस लिहिलंय, सगळ्यात कमी. आणि डॉक्टरांनी मला जिच्यापुढे सोळा आहे ती गोळी दिली. असं कसं?"

ज्या रिपोर्टवरून हा प्रश्न येतो तो साधारण असा असतो. वर जंतूचं नाव, ई. कोलाय. खाली औषधांची यादी. अँपिसिलिन ≥ ३२, आर. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ≥ ६४, आर. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ≥ ४, आर. को-ट्रायमोक्साझोल ≥ ३२०, आर. त्याखाली जेंटामायसिन ≤ १, एस. नायट्रोफ्युरंटॉइन ≤ १६, एस. फॉस्फोमायसिन ≤ १६, एस. आणि मेरोपेनेम ≤ ०.२५, एस. घाटकोपर घ्या की बोरिवली, हा नमुना कुठल्याही लॅबला ओळखीचा आहे.

एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. आय त्या दोघांच्या मधला, त्याच्याकडे नंतर येते. आकडा असतो तो एमआयसीचा : एक मिलिलिटर द्रवात औषधाचे कमीत कमी किती मायक्रोग्रॅम असले की त्या जंतूची वाढ थांबते. मेरोपेनेमचा पाव मायक्रोग्रॅम पुरतो, नायट्रोफ्युरंटॉइनचे सोळा लागतात, म्हणजे मेरोपेनेम चौसष्ट पट भारी, असा हिशेब पेशंट मांडतो. शिकलासवरलेला पेशंट तर हमखास मांडतो.

या हिशेबात एक गोष्ट राहून जाते. जिथे जंतू बसलाय तिथे औषध किती पोचतं? नायट्रोफ्युरंटॉइनची गोळी घेतली की औषध रक्तात फार रेंगाळत नाही, मूत्रपिंडं ते भराभर लघवीत उतरवतात. रक्तात त्याचं प्रमाण मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्याही आत राहतं, लघवीत मात्र बत्तिसाच्या कितीतरी वर जातं. बत्तीस अशासाठी म्हटलं, की या औषधाची एसची हद्द ३२ आहे. ३२ किंवा त्याखाली एस, ६४ ला आय, १२८ पासून आर. मेरोपेनेमची हद्द आहे १. प्रत्येक औषधाची हद्द वेगळी ठरते. ते शरीरात किती साठतं, त्या जातीच्या जंतूंना साधारण किती लागतं आणि त्या आकड्यांचे पेशंट प्रत्यक्षात बरे होतात की नाही, हे सगळं बघून ती आखलेली असते. त्यामुळे रिपोर्ट आडवा वाचायचा : औषध, त्याचा आकडा, त्याचं अक्षर. उभा वाचून एका ओळीतला आकडा दुसऱ्या ओळीशी ताडून बघणं म्हणजे एका मुलाची उंची आणि दुसऱ्याचं वजन घेऊन मोठा कोण ते ठरवणं.

त्या ≤ चिन्हाकडेही लक्ष असू द्या. हे आकडे काढणाऱ्या मशीनच्या कार्डावर औषधाच्या प्रमाणाच्या ठरावीक पायऱ्या असतात, प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. सगळ्यात खालच्या पायरीवरही जंतू वाढला नाही तर मशीन '≤' लावून तोच आकडा छापतं. खरा आकडा त्याखाली कुठेतरी असतो, कुठे ते मशीनला ठाऊक नसतं. पायऱ्या दुपटीच्या असल्यामुळे तोच जंतू पुन्हा लावला आणि या वेळी ८ ऐवजी १६ आला, तर ते चाचणीच्या स्वभावात बसणारं आहे. मागच्या महिन्यात आठ होता, आता सोळा झाला, म्हणजे आजार दुप्पट वाढला, असं अजिबात नाही.

मशीन आमच्याकडे आहे, पण उपनगरातल्या कितीतरी लॅब अजून डिस्कवर चालतात, आणि खरं सांगायचं तर मला डिस्कची प्लेटच वाचायला आवडते. तिथे काहीच लपत नाही. आदल्या दिवशीच्या प्लेटवरच्या सारख्या दिसणाऱ्या चार-पाच कॉलनी उचलून सलाइनमध्ये मिसळायच्या आणि त्याचा गढूळपणा ठरलेल्या नमुन्याशी जुळवायचा. तो जुळला की मिलिलिटरमध्ये अंदाजे पंधरा कोटी जंतू असतात. त्यात कापसाची काडी बुडवून, नळीच्या आतल्या कडेला दाबून निथळवायची आणि म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर तीन दिशांनी फिरवायची. वर ६ मिलिमीटर व्यासाच्या, औषध भिनवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट उलटी करून रात्रभर ३५ अंशाला ठेवून द्यायची. सकाळी उघडली की जंतूंची दुधट साय सगळीकडे पसरलेली असते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ, गोल, मोकळी जागा दिसते. तिला आम्ही झोन म्हणतो. काही चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू भिडलेला असतो. प्लेट पालथी धरायची, खाली काळा कागद, वर दिवा, आणि पट्टी लावून झोन मोजायचा. नायट्रोफ्युरंटॉइनला १७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर एस, १५-१६ आय, १४ किंवा कमी आर. सिएटलच्या बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत नीट बांधून दिली. स्वस्त आहे, आणि काटेकोरपणे केली तर आजही तितकीच विश्वासाची आहे.

काटेकोरपणा मात्र मिलिमीटरचा. अगारचा थर ४ मिलिमीटरचा हवा. तो पातळ झाला तर औषध बाजूला जास्त पसरतं, झोन फुगतो आणि आर असलेला जंतू एस ठरू शकतो. जंतूंचं पाणी जास्त घट्ट झालं तर उलटं होतं. म्हणून गुण माहीत असलेला एक ई. कोलाय, एटीसीसी २५९२२ या क्रमांकाचा, जगभरच्या लॅब जपून ठेवतात आणि त्याच चकत्यांवर नियमाने लावतात. नायट्रोफ्युरंटॉइनच्या चकतीभोवती त्याचा झोन २० ते २५ मिलिमीटरच यायला हवा. २७ आला तर कारण सापडेपर्यंत त्या चकतीचे सगळे रिपोर्ट थांबतात. "अजून रिपोर्ट का नाही आला?" या फोनमागे कधी कधी हे दोन मिलिमीटर असतात.

या हद्दी कायमच्या नसतात. अमेरिकेची सीएलएसआय ही संस्था दर वर्षी हद्दींचं पुस्तक नव्याने काढते. युरोपात हेच काम युकास्ट करते. आपल्या लॅब या दोहोंपैकी एकीचं पुस्तक वापरतात आणि कोणतं ते रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात छापतात. २०१९ मध्ये सीएलएसआयने ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची हद्द कडक केली. आधी २१ मिलिमीटरला एस होता, आता २६ लागतात. म्हणजे २३ मिलिमीटरचा झोन जुन्या पुस्तकात एस होता, नव्यात तो आय आहे. जंतू तोच, झोन तोच. जुनी फाइल घेऊन "तेव्हा चालत होतं की!" म्हणणाऱ्या काकांना हे समजावताना माझा चहा नेहमी गार होतो.

आता आय. बरेच जण त्याला आरचा धाकटा भाऊ समजून सोडून देतात. युकास्टने २०१९ पासून आयचा अर्थच असा ठरवला आहे की औषधाचा जंतूशी संपर्क वाढवता आला तर ते लागू पडेल, मग तो डोस वाढवून असो किंवा औषध आपणहून त्या जागी साठतं म्हणून असो. लघवीच्या बाबतीत ही दुसरी शक्यता मोठी आहे, कारण काही औषधं रक्तापेक्षा लघवीत कितीतरी पट जास्त साठतात. सीएलएसआयचं पुस्तकही अशा औषधांच्या आयवर वेगळी खूण करतं. तेव्हा आयपुढे काट मारायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

खरं तर ही तीन अक्षरं बघण्याआधी रिपोर्टच्या वरच्या दोन ओळी वाचायला हव्यात, आणि त्या कोणीच वाचत नाही. तिथे नमुना कसला होता आणि किती जंतू निघाले ते असतं. लघवी आम्ही एका ठरावीक मापाच्या तारेच्या कडीने प्लेटवर ओढतो. तिच्यात एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. दुसऱ्या दिवशी शंभर कॉलनी दिसल्या की मिलिलिटरला एक लाख जंतू. बॉस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात हा एक लाखाचा आकडा रूढ केला. त्याखाली असेल तर जंतू बहुधा बाहेरच्या त्वचेवरून आलेले, वर असेल तर आतले. चांगला नियम आहे, पण तो आंधळेपणाने लावला की दोन्ही बाजूंनी फसवतो. जिला उन्हाळी लागली आहे, दर दहा मिनिटांनी जावं लागतंय, थेंब थेंब होतंय आणि आग होतेय, तिच्या लघवीत मिलिलिटरला हजारभर ई. कोलायही खरे असू शकतात. आणि जिला काहीही त्रास नाही, केवळ वर्षाच्या हेल्थ चेकअपमध्ये कल्चर केलं म्हणून एक लाख निघाले, तिला बहुतेक वेळा औषधच नको. अपवाद आहेत गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया होणारे पेशंट. वयस्क बायकांमध्ये असे निरुपद्रवी जंतू कितीतरी जणींना असतात. रिपोर्टवर एस, आर छापलं म्हणून त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या नसतात. कॅथेटर घातलेल्या आजोबांचंही तेच. आणि त्यांचा नमुना पिशवीतून घेतलेला असेल तर त्या रिपोर्टला काहीच अर्थ नाही.

नमुना रस्त्यात बिघडतो, ते वेगळंच. ई. कोलायला ऊब मिळाली की तो वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत चौसष्ट पट. म्हणून लघवी दोन तासांत प्लेटवर पडावी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी, किंवा बोरिक अ‍ॅसिड घातलेल्या डबीत घ्यावी. आता मे महिन्यात बोरिवलीच्या कलेक्शन सेंटरवरून निघालेला मुलगा गोरेगाव-मुलुंड लिंक रोडला अडकला आणि त्याच्या बॅगेतला बर्फ वितळला, तर काय होईल ते सांगायला नको. घरी सकाळी सहाला भरून ठेवलेली आणि ऑफिसला जाताना सेंटरवर टेकवलेली डबी तर सगळ्यात वाईट. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडायची, मधली धार डबीत धरायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही. एवढं केलं तर 'तीन प्रकारचे जंतू, नमुना पुन्हा पाठवा' हा आमचा शेरा निम्म्याने तरी कमी येईल.

(बायकांबद्दल एक सांगायलाच हवं. डोंबिवलीहून अंधेरीला नोकरीला जाणारी बाई घरातून निघताना पाणी पीत नाही, कारण मध्ये जायचं कुठे? मुंबईत २०११ पासून चाललेल्या 'राइट टू पी' चळवळीने हेच विचारलं होतं. पुरुषांची मुतारी फुकट, मग बायकांना त्याचेच पैसे का? ज्या बायकांना वारंवार त्रास होतो आणि ज्या कमी पाणी पितात, त्यांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं तर वर्षभरातले आजाराचे प्रसंग साधारण निम्मे होतात, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. वाळ्याचं पाणी घ्या की धन्या-जिऱ्याचं, काम करतं ते बहुधा पाणीच. पण त्यासाठी संडास हवा.)

यादीत जे औषध नसतं, त्यालाही अर्थ असतो. "दुसऱ्या लॅबने चोवीस औषधं दिली होती, तुम्ही आठच?" अशी तक्रार येते. पैसे वसूल झाले नाहीत असं वाटतं. मी मुद्दाम कमी छापते. वरच्या नमुन्यासारखी आरची रांग नसेल, साधी औषधं एस असतील, तर मेरोपेनेमसारखी राखीव ठेवायची इंजेक्शनं आम्ही तपासतो, पण रिपोर्टवर दाखवत नाही. डॉक्टरांनी मागितली तर फोनवर सांगतो. डोळ्यांसमोर छापलेलं औषध लिहिण्याचा मोह कोणालाही होतो. काही औषधं यादीत येतच नाहीत, कारण तो जंतू मुळातच त्यांना जुमानत नाही. क्लेब्सिएलाला अँपिसिलिन, एन्टरोकॉकसला कुठलंही सेफॅलोस्पोरिन, प्रोटियसला नायट्रोफ्युरंटॉइन. प्रोटियसच्या ओळीत नायट्रोफ्युरंटॉइनपुढे एस छापलेला दिसला, तर एक तर जंतू ओळखण्यात चूक आहे, नाहीतर चकती वाचण्यात. चोवीस ओळींच्या रिपोर्टमध्ये असं काही निसटण्याची शक्यता जास्त.

एस असूनही औषध चुकीचं ठरतं, ते असं. लघवीच्या जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर जंतू मूत्रपिंडाच्या मांसात शिरला आहे. तिथे नायट्रोफ्युरंटॉइन पुरेसं पोचत नाही. प्लेटवर झोन २२ मिलिमीटर असला तरी ती गोळी अशा पेशंटला उपयोगाची नाही. पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये संसर्ग असेल तिथेही तेच. मूत्रपिंडंच नीट काम करत नसतील तर औषध लघवीत उतरणार कसं? क्रिअ‍ॅटिनिन जास्त असलेल्या आजींना डॉक्टर ही गोळी टाळतात त्याचं कारण हे. उलट, नुसत्या मूत्राशयाच्या जळजळीला ती उत्तम. पाच दिवस, जेवणाबरोबर. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरून फोन करू नका, तो औषधाचाच रंग. १९५० च्या दशकातलं हे जुनं औषध आज पुन्हा पहिल्या फळीत आलं आहे, कारण मधल्या काळात नवीन औषधांची आपण पार वाट लावली.

ती कशी लागली, याचा एक ठळक कागद मुंबईतच आहे. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला. कार्बापेनेम गटालाही, म्हणजे मेरोपेनेमच्या घराण्यालाही, तो दाद देत नव्हता. हा पेशंट आधी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून जंतूच्या त्या एन्झाइमचं नाव एनडीएम-१, न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, असं पडलं. पुढे नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. पण ऑगस्ट २०१० मध्ये लॅन्सेटच्या साथरोगांच्या नियतकालिकात भारतातल्या प्रसाराविषयी लेख येऊन हा वाद पेटला, त्याच्या आधीच, त्या वर्षीच्या मार्चमध्ये, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात आपले आकडे मांडले होते. कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू तपासले, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. बाहेरून कोणी बदनामी करण्याची गरज नव्हती, आपल्याच लॅबने लिहून ठेवलं होतं.

रिपोर्टच्या तळाशी 'ईएसबीएल' असा शेरा दिसला तर तो याच वंशातला, पण एक पायरी खालचा. जंतू सेफॅलोस्पोरिन तोडणारं एन्झाइम बनवतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या नमुन्यात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर आहे ते बहुधा त्यामुळेच. "मला सुपरबग झाला का?" म्हणून रडणाऱ्या बाईला मी सांगते, काकू, खाली नायट्रोफ्युरंटॉइन एस आहे, फॉस्फोमायसिनची पुडीही एस आहे, तुम्ही घरच्या घरी बऱ्या व्हाल.

सिप्रोचं मात्र वाईट वाटतं. ई. कोलायच्या प्लेटवर सिप्रोच्या चकतीभोवती मोठा झोन दिसला तर आम्ही एकमेकींना बोलावून दाखवतो, इतका तो दुर्मीळ झालाय. जुलाब झाले की केमिस्टकडून दोन गोळ्या, घसा धरला की दोन गोळ्या, जळजळ झाली की सेफिक्झिम-ऑफ्लॉक्सॅसिनची जोडगोळी. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातल्या औषधांना, सेफिक्झिमसकट, डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि दुकानदाराला डॉक्टर आणि पेशंट यांची नोंद वहीत ठेवून ती वही तीन वर्षं सांभाळावी लागते. नियम आहे. स्टेशनबाहेरच्या दुकानात ती वही किती वेळा उघडते, ते तुम्हीच बघा.

त्या दोन गोळ्या आमच्या चाचणीचंही नुकसान करतात. जंतू अर्धमेला होतो, प्लेटवर उगवत नाही, रिपोर्ट 'नो ग्रोथ' येतो आणि जळजळ तशीच राहते. म्हणून नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्या. आधीच घेतली असेल तर डबीबरोबरच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहा. ताप आहे का, गरोदर आहात का, कॅथेटर आहे का, किडनीचा त्रास आहे का, हेही लिहा. ती चिठ्ठी कोरी आली की मी आठ ओळी कोणत्या छापायच्या ते अंदाजाने ठरवते. पहिल्या दिवशी वाढ दिसते, दुसऱ्या दिवशी सेन्सिटिव्हिटी, त्यामुळे पूर्ण रिपोर्टला दोन दिवस लागतातच. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलतात. पेशंटला बरं वाटत असेल आणि रिपोर्टवर ते औषध आर निघालं, तरी स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. औषध लघवीत भरपूर साठल्यामुळे आर असूनही कधी कधी गुण येतो.

कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर करायचं का, हा शेवटचा नेहमीचा फोन. त्रास गेला असेल तर नको, उगाच पैसे घालवू नका. गरोदर असाल तर करा. त्रास गेलाच नाही किंवा दोन आठवड्यांत परत आला, तर जरूर करा, आणि येताना जुना रिपोर्टही घेऊन या.